सही कर आणि घरी ये

केकवरचा कोट हिरवा निघाला. करायचा होता पिवळा, पण बेकरीवाल्याच्या रंगानं दगा दिला, आणि शाळेतल्या पालकांनी बेरिल हार्ग्रीव्हच्या निवृत्तीच्या पार्टीसाठी एवढ्या हौसेनं करून घेतलेल्या त्या केकवर साखरेची बेरिल उभी होती ती अशी: पांढरे केस, हातात 'थांबा' लिहिलेली गोल पाटीची काठी आणि अंगात गवतासारखा हिरवागार कोट. तिचा नवरा सिड हयात असता तर त्यानं केक ताटासकट उचलून बंदरात भिरकावला असता. सॉल्टहॅव्हनमध्ये ज्या घरातले पुरुष ट्रॉलरवर, खोल समुद्रातल्या मासेमारीच्या बोटीवर, जात त्या घरात हिरवं अपशकुनी म्हणून चालत नसे. एकतीस वर्षांपूर्वी बेरिल शाळेजवळच्या नाक्यावर मुलांना रस्ता ओलांडून द्यायच्या कामाला लागली आणि कौन्सिलचा तो भडक कोट घरी घेऊन आली, तेव्हा हा पिवळा की हिरवा यावरून नवराबायकोची आठवडाभर जुंपली होती. शेवटी कोट मागच्या शेडमध्ये टांगायचा असं ठरलं. सिडला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी बेरिल तो अजून शेडमध्येच टांगायची.

एरवी तिची लेक लोरेन हा केक बघून पोट धरून हसली असती. आज तिला नुसतं बघवेना. पर्समध्ये सकाळच्या टपालानं आलेलं पाकीट होतं आणि ते पर्समध्ये आहे ही गोष्ट ती अर्धा मिनिटसुद्धा विसरू शकत नव्हती.

मच्छीमार क्लबचा वरचा हॉल गच्च भरला होता. अंड्याची सँडविचं, सॉसेज रोल, डुकराच्या खिम्याचे पॅटिस, चहाचं ते भलं मोठं पिंप. तिशीतले बाप आपल्या पोरांना सांगत होते की मलासुद्धा ह्याच आजीनं हात धरून पलीकडे नेलं होतं बरं का. बेरिल खुर्चीत ऐसपैस बसली होती आणि गालांचे पापे घेऊ देत होती. पंचाहत्तरीची बाई, पण आवाज असा की चौकातला ट्रक थांबावा. आणि जो येई तो बेरिलचा पापा घेऊन झाला की लोरेनकडे वळे आणि म्हणे, सोमवारपासून तू ना? शोभेल हो तुला. आईचा नाका लेकीकडे.

बेरिलनंच सुचवलं होतं तसं. ईस्टरला मासळीचा कारखाना बंद पडला आणि चोवीस वर्षं कॉडचे काटे काढणारी लोरेन एका दुपारी घरी बसली. कॉडचे काटे काढायला कुणी पोलिसांचा दाखला मागत नाही. शाळेजवळच्या कामाला मात्र मागतात. कौन्सिलच्या मिसेस विंटरनं, जी सगळ्या गावातल्या नाक्यांचं काम बघायची, लोरेनला नाक्यावर उभं करून पाहिलं, हात कसा वर करते ते पाहिलं, आणि खूश होऊन म्हणाली की आता एवढा दाखला आला की झालं. तो तुमच्याच घरी येईल, आमच्याकडे नाही. शनिवारी पार्टीला घेऊन या, मी नजर टाकते आणि तिथंच जाहीर करून टाकू.

अर्जात विचारलं होतं, पूर्वी काही गुन्हा, शिक्षा, ताकीद? लोरेननं बिनधास्त 'नाही'वर खूण केली होती. कोर्टाचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, आणि ताकीद म्हणजे काय, तर पोलीस एकदा रागावले होते. सोळा वर्षं झाली त्याला.

दाखल्यावर एकच ओळ होती. फेब्रुवारी २००८, तारीख, पोलिसांची ताकीद, आणि पुढे गुन्ह्याचं नाव: बालकाशी क्रौर्य अथवा हेळसांड.

क्रौर्य. तिनं सकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तो शब्द वाचला आणि केटली उकळून बंद झाली तरी तिला कळलं नाही. मग दाखल्यामागच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडचा माणूस बिचारा सौम्य होता. म्हणाला, सहा वर्षं उलटली की बऱ्याच ताकिदी अशा दाखल्यावरून गळून पडतात, पण काही गुन्ह्यांची यादी आहे, ते कधीच गळत नाहीत. तुमचा त्या यादीत आहे. पण म्हणून नोकरी देऊच नये असंही नाही हं. त्यांना सगळी हकीकत सांगा. सगळी ऐकून मग ते ठरवतात.

सगळी हकीकत. सगळी हकीकत म्हणजे आई.

तेव्हा लोरेनची पाळी पहाटे सहाची होती. घरातून पावणेसहाला निघावं लागे. ब्रॅड पाच वर्षांचा, त्याचा बाप कधीच पसार झालेला. बेरिल दोन गल्ल्या सोडून राहायची. ती साडेपाचला येई, नातवाला उठवी, भरवी आणि आपल्याबरोबर नाक्यावर घेऊन जाई. त्या दिवशी ती आली नाही. आदल्या रात्री ह्याच क्लबात बिंगोचा खेळ होता, बेरिल जिंकली होती आणि जिंकल्याचं साजरंही केलं होतं. उशिरा आल्याबद्दल लोरेनला कारखान्यात दोनदा सुनावलं गेलं होतं, तिसऱ्यांदा नोकरीच जाणार होती. तिनं आईला फोन लावला. बेरिल फोनवर म्हणाली, "कोट घातलाय गं. निघालेच. तू जा."

लोरेन गेली. बेरिलनं फोन ठेवला आणि कूस बदलली.

साडेसहाला ब्रॅड उठला तेव्हा घरात कुणी नव्हतं. आजी कुठं असते हे त्याला ठाऊक होतं. पायजम्यात, अनवाणी, फेब्रुवारीच्या गारठ्यात तो अंधारातून आजीच्या नाक्यापर्यंत चालत गेला आणि फुटपाथच्या कडेला उभा राहिला. रस्ता काही त्यानं ओलांडला नाही. आजीनं शिकवलं होतं, माझा हात धरल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मासळीच्या ट्रकवाल्याला तो दिसला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

लोरेनला कारखान्यातून ॲप्रनसकट नेलं. ब्रॅड हॉस्पिटलात, ती पोलीस ठाण्यात. आईचं नाव घेतलं असतं तर आईचा नाका त्याच दिवशी सुटला असता. नातवाला सोडून झोपलेल्या बाईच्या हाती गावची पोरं कोण देणार? तिनं सांगितलं, मी एकटीच होते, कुणी यायचं नव्हतं. सार्जंटनं चहा दिला. म्हणाला, वकील हवा असेल तर बोलावतो, फुकट असतो, पण दोनतीन तास लागतील. नाहीतर कबूल करा, ताकीद घ्या, सही करा आणि पोराकडे जा. शिक्षा नाही, कोर्ट नाही.

वकील बोलवायची रीत हार्ग्रीव्हांच्या घरात नव्हतीच. सिड आणि त्याच्यासारखे सगळे ट्रॉलरवाले तीन आठवडे समुद्रात आणि तीन दिवस किनाऱ्यावर. त्या तीन दिवसांत प्यायचं, मारामारी करायची, ठाण्यात जायचं, हे ठरलेलं. भांडत बसलं तर बोट सुटून जाई, म्हणून पोलीस पुढे करतील त्या कागदावर सही ठोकून माणूस धक्क्यावर पळे. सिडनं दोन्ही पोरांना लहानपणी तेवढं एक ज्ञान दिलं होतं. जास्त बोलायचं नाही. सही कर आणि घरी ये.

लोरेननं सही केली आणि पोराकडे गेली. ब्रॅडला सांगितलं, तू झोपेत चालत बाहेर गेलास. आणि बेरिल? बेरिल चार दिवस ढसाढसा रडली, पाचव्या दिवशी कोट घालून नाक्यावर उभी राहिली, आणि त्यानंतर घरात त्या सकाळचं नाव निघालं नाही. दारूला मात्र तिनं पुन्हा हात लावला नाही, हे खरं बोललं पाहिजे.

लोरेननं भावाला, ग्रॅहमला, कोट टांगायच्या बोळात गाठलं आणि कागद पुढे केला. ग्रॅहम गावात दोन टॅक्सी चालवायचा, धाकट्या बहिणीला आयुष्यभर सल्ले द्यायचा आणि आईच्या बाजूनं उभा राहायचा. त्यानं चष्मा वर करून वाचलं आणि कागद घडी घालून परत दिला. म्हणाला, फाडून टाक. तुझ्याच घरी आलाय ना, त्या बाईनं बघितलेला नाही. सांग, विचार बदलला. दुसरं काम बघू.

"कुठलं?" लोरेन म्हणाली. "वृद्धाश्रम? हाच कागद. शाळेचं किचन? हाच कागद. मला येतं काय रे, काटे काढायला येतात. कारखाना उरला नाही. आईनं मिसेस विंटरला खरं सांगितलं तर अजून होऊ शकतं."

"आज?" ग्रॅहमनं हॉलकडे बोट दाखवलं. "एवढ्या लोकांसमोर?"

"लोकांसमोर नको. बाजूला घेऊन. पाच मिनिटं."

तो म्हणाला की सोळा वर्षं गिळलंस तर आता कशाला ओकतेस, पंचाहत्तर वर्षांच्या म्हातारीचं थोबाड गावात काळं करून तुला काय मिळणार. लोरेनच्या तोंडाला आलं होतं की मला नोकरी मिळणार, पण तेवढ्यात मागून ब्रॅडचा आवाज आला. तो सिगारेट ओढायला निघाला होता आणि कोटांच्या आड उभा राहिला होता, किती वेळ ते देव जाणे. एकवीस वर्षांचा धिप्पाड पोरगा, हात पुढे करून म्हणाला, दाखव.

नाही म्हणायची तिची ताकद नव्हती. त्यानं वाचलं, आणि त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"हे बालक म्हणजे मी?"

"हो."

"तू क्रूर? माझ्याशी?" तो हसला, पण ते ऐकवत नव्हतं. "मला आठवतंय ते. तुम्ही म्हणता झोपेत चाललो. मी जागा होतो, आई. मी आजीची वाट बघत होतो. मला वाटायचं आपण उगीच मनानं रचलंय."

लोरेननं मग त्याला सगळं सांगितलं, कोटांना टेकून, हळू आवाजात, फोनवरच्या शब्दांसकट. ग्रॅहम दाराकडे बघत राहिला. फोनचं त्यालाही माहीत नव्हतं. आई उशिरा पोचली एवढंच त्याच्या कानावर होतं. तो म्हणाला, "बोल मग तिच्याशी. पण तू बोल. मला जमायचं नाही." ब्रॅड म्हणाला की मी बोलतो, चांगला बोलतो. लोरेननं त्याला दंडाला धरून थांबवलं. माझी आई आहे, मी बघते.

क्लबच्या किचनमध्ये बेरिल एकटीच होती. समारंभ तिचा, तरी सिंकमध्ये हात घालून कप विसळत होती. लोरेननं दार लावलं आणि कागद ओट्यावर ठेवला. बेरिलनं ओले हात पुसले, वाचलं, आणि स्टुलावर बसली. तिचा चेहरा एकदम लहान झाला. लोरेनला आईची दया आली आणि त्याच क्षणी त्या दयेचा संताप आला.

"हे अजून ठेवलंय त्यांनी?" बेरिल म्हणाली.

"कायमचं ठेवलंय."

"मला वाटलं पुसलं गेलं असेल. देवाशप्पथ, लोरेन, मला वाटलं..." तिनं कागद उलटून पाहिला. मग म्हणाली, "तुझा बाप म्हणायचा, सही केली की संपलं."

"संपलं नाही. मिसेस विंटर विचारणार, असं कसं झालं. मी काय सांगू? तूच सांगायला हवंस, आई. मला नोकरी देतील न देतील, त्यांचं त्या बघतील. पण एका माणसाला तरी खरं कळू दे. तुझी नोकरी आज संपलीच. तुझं कुणी काय काढून घेणार आहे?"

बेरिल बाहेरच्या आवाजाकडे कान देऊन बसली होती. पोरं खुर्च्या ढकलत होती, कुणीतरी माइक ठोकून बघत होतं. तिनं लोरेनचा हात धरला. एकतीस वर्षं गावची पोरं धरून धरून तो हात असा गरम आणि घट्ट झालेला होता, की धरला म्हणजे माणसाला वाटावं, झालं, आता पोचलो.

"सांगते," बेरिल म्हणाली. "तुझ्या गळ्याची शपथ, सांगते. आधी भाषणाचं ते उरकते आणि तिला बाजूला घेते. हे तोंड धुते जरा. तू जा बाहेर, मी आलेच."

लोरेन बाहेर गेली. ब्रॅडशेजारी बसली आणि मान हलवून त्याला खूण केली की होतंय. तिचा जीव इतका हलका झाला होता की तिनं एक सॉसेज रोलसुद्धा खाल्ला. मिसेस विंटर समोरच्या टेबलावर होती. तिनं लांबूनच हातानं चौकोन काढून विचारलं, कागद आणला ना? लोरेननं पर्सवर थाप मारली.

हेडमास्तरीणबाई बोलल्या. आकडे सांगितले: एकतीस वर्षं, एकही अपघात नाही. टाळ्या पडल्या, लोक उभे राहिले. बेरिल माइकपाशी आली, तोंड धुतलेलं, पावडर लावलेली. केकवरचा हिरवा कोट बघून आमच्या सिडनं मला घराबाहेर काढलं असतं म्हणाली, आणि हॉल हसला. जी पोरं हात सोडून पळायची त्यांची नावं घेऊन एकेकाला तिनं उभं केलं, आणि हॉल पुन्हा हसला. मग मागून कुणीतरी, बहुधा खाटीक, ओरडला की सोमवारपासून लोरेनला काठी पेलेल ना? आणि सगळ्या माना लोरेनकडे वळल्या.

बेरिलनं पण बघितलं. क्षणभर मायलेकींची नजर एक झाली. दीडदोनशे माणसं तोंडभर हसत वाट बघत होती, आणि लोरेननं आईच्या डोळ्यात ते येताना पाहिलं, अगदी स्पष्ट पाहिलं, पण थांबवायला काही हातात नव्हतं.

"नाही हो," बेरिल माइकमध्ये म्हणाली. "आमच्या लोरेनचा विचार बदललाय. तिला ना, सकाळी उठायचा पहिल्यापासूनच कंटाळा."

हॉल खदखदला. शेजारच्या बाईनं लोरेनच्या पाठीत प्रेमानं गुद्दा घातला. कारखान्यात तिच्या जोडीनं चोवीस वर्षं पहाटे सहाला उभ्या राहिलेल्या दोघी मागच्या टेबलावर होत्या. त्या हसल्या नाहीत, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि लोरेन? लोरेन हसली. तोंड आपसूक हसलं. आत मात्र असा जाळ उठला होता की तिला वाटलं, आत्ता उठावं, तो माइक हिसकावावा आणि तारीखवार सगळं वाचून दाखवावं. आईनं खोटं बोलावं ह्याचं तिला तितकं वाटलं नाही. आपण दुसऱ्यांदा विश्वास ठेवला, त्याच 'तू जा' ह्या शब्दांवर, ह्याची तिला घृणा आली.

खुर्ची करकरली. ब्रॅड उठत होता. "सांगतो मी किती वाजता उठायची ते," तो म्हणाला, आणि एवढं जोरात म्हणाला की दोन टेबलं गप्प झाली.

लोरेननं त्याच्या मनगटाला धरलं. समोर बेरिल माइक घट्ट पकडून उभी होती. तिच्या पायाशी जमिनीवर तीनचार बारकी पोरं मांडी घालून बसली होती, तिच्याकडे वर बघत.

"बस," लोरेन म्हणाली.

"आई."

"बस म्हणते ना."

तो बसला. ग्रॅहमनं घाईघाईनं टाळ्या सुरू केल्या आणि कुणीतरी केक कापायला घेतला.

मिसेस विंटर बशी हातात घेऊन आली. नाराज होती, पण चांगली बाई. खरंच का हो, म्हणाली, मला तर तुम्हीच हव्या होत्या. काही अडचण असेल तर सांगा, ऐकून घेते मी. आणि ती खरंच थांबली, लोरेनच्या तोंडाकडे बघत. सांगायचं झालं असतं तर ती जागा होती, ती वेळ होती. लोरेननं पर्सच्या कडीवर बोट ठेवलं. आपणच सांगितलं तर काय होणार ते तिला दिसत होतं: मिसेस विंटर वळणार, जाऊन आईला विचारणार, आणि आई ह्या सगळ्यांसमोर काय म्हणेल ह्याची आता तिला शंकाच उरली नव्हती. मग ती नुसती क्रूर राहणार नाही, म्हाताऱ्या आईवर ढकलणारीही होणार.

"अडचण काही नाही," ती म्हणाली. "सकाळी लवकर उठणं होत नाही माझ्यानं."

मिसेस विंटरनं उसासा टाकला. मग सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी फोन करावा लागेल, म्हणाली, आणि माझ्या फायलीला तुमच्याकडून एक ओळ हवी, स्वतःहून नाव मागे घेतल्याची. तिनं पिशवीतून छापील कागद काढला, कारणाच्या रकान्यात स्वतःच लिहिलं, पहाटेची वेळ गैरसोयीची, आणि पेन पुढे केलं.

लोरेननं सही केली.

जिन्यापाशी बेरिलनं तिला गाठलं. हातात रुमालात बांधलेला केक होता. पुटपुटत म्हणाली की ती पोरं बघत होती गं, माझ्यानं झालंच नाही. सोमवारी जाते. पहिलं काम तेच, सोमवारी सकाळी कौन्सिलात जाते आणि तिला सगळं सांगते, नक्की.

लोरेननं कोटाची बटणं लावली, वरपर्यंत.

"नको, आई," ती म्हणाली. "तू झोप."

बेरिल हातात केक घेऊन तिथंच उभी राहिली. लोरेन जिना उतरून गेली आणि तिच्यामागून ब्रॅड.

बाहेर चार वाजले होते आणि ऊन होतं. दोघं चालत गेली. नाक्यावर आल्यावर दोघंही फुटपाथच्या कडेला थांबली. शनिवार होता, शाळा बंद, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गाडी नव्हती. ब्रॅडनं आईचा हात धरला, लहानपणी धरायचा तसा. मग दोघं पलीकडे गेली.